विमान आकाशात, जबाबदारी जमिनीवर

विमानप्रवास म्हटला की डोळ्यांसमोर वैमानिक उभा राहतो. त्याचे कौशल्य निर्विवाद आहे. तथापि विमान आकाशात झेपावण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर जमिनीवरील अनेक हातांतून जात असते, आणि या हातांपैकी एकानेही हयगय केली तर आकाशातील कौशल्य अपुरे पडण्याचा संभव असतो. मोठ्या शहरांतील विमानतळांवर हे हात शेकड्यांनी असतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान विमानतळावर ते मोजके असतात, आणि म्हणूनच तेथील प्रत्येकाच्या कामाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

महाराष्ट्रात अशा विमानतळांची संख्या वाढत आहे. कोल्हापूरचे विमानतळ संस्थानी काळातील, १९३९ पासूनचे. नांदेडच्या विमानतळाचे आधुनिकीकरण २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने झाले. जळगावचे विमानतळ २०१२ मध्ये, शिर्डीचे १ ऑक्टोबर २०१७ रोजी आणि सिंधुदुर्गातील चिपीचे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. केंद्र शासनाच्या प्रादेशिक हवाई जोडणीच्या ‘उडान’ योजनेतील पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी झाली. त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा येथून मुंबईसाठी, तर ९ जून २०२५ रोजी सोलापुरातून गोव्यासाठी सेवेला प्रारंभ झाला. या विमानतळांच्या सभोवती गावे आहेत, शेते आहेत, शाळा आहेत. म्हणून तेथील कामाची माहिती केवळ प्रवाशांनाच नव्हे, तर परिसरातील ग्रामपंचायतींना आणि शिक्षकांनाही असणे इष्ट आहे.

बैलगाडीपासून प्रारंभ

टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेचा प्रारंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणले. अहमदाबादला विमानात भरावयाचे इंधन डब्यांतून आणि बैलगाडीतून आणण्यात आले होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा ही सेवा पुण्याहून चालवावी लागे. मैदान कोरडे आहे की नाही हे पाहणारा, डबे वाहणारा आणि इंजिन पुसणारा माणूस त्या उड्डाणाचा भागीदार होता. साधने आज पूर्णपणे बदलली आहेत. मात्र मैदान पाहणे, विमान थांबविणे, इंधन देणे, सामान चढविणे आणि आगीसाठी सज्ज राहणे ही कामे तीच आहेत.

धावपट्टीची पाहणी

लहान विमानतळाचा दिवस विमान येण्याच्या बराच वेळ आधी सुरू होतो. प्रथम धावपट्टीची पाहणी होते. जीपमधून धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जाऊन खडा, खिळा, वायरचा तुकडा, प्लॅस्टिकची पिशवी, मेलेला पक्षी यांपैकी काही पडले आहे काय, डांबराला तडा गेला आहे काय, दिवे शाबूत आहेत काय, कुंपणातून कुत्रा किंवा गुरे आत शिरली आहेत काय, हे पाहिले जाते. वाऱ्याची दिशा दाखविणारे कापडी नळकांडे फाटलेले नाही ना, याचीही खात्री केली जाते. हे नळकांडे किमान ३.६ मीटर लांबीचे असावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

पाहणीचे हे काम वरवर कंटाळवाणे वाटते. वर्षभर पाहणी करूनही बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही. परंतु न सापडणे हेच या कामाचे यश होय. २५ जुलै २००० रोजी पॅरिस येथे काँकॉर्ड विमानाच्या चाकाखाली धातूची सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची एक पट्टी आली. ती काही मिनिटांपूर्वी त्याच धावपट्टीवरून गेलेल्या दुसऱ्या विमानातून पडली होती. टायर फुटला, त्याचा तुकडा पंखातील इंधनाच्या टाकीवर आदळला, आग लागली, आणि जमिनीवरील चौघांसह ११३ माणसे प्राणास मुकली. हातात मावेल एवढ्या वस्तूने हे घडविले. जिल्ह्यातील धावपट्टीवर सकाळी वाकून खिळा उचलणारा कर्मचारी कोणता अनर्थ टाळत असतो, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

विमान थांबविणे

प्रादेशिक मार्गांवर एटीआर-७२ जातीचे विमान मोठ्या प्रमाणात वापरले जाते. त्याची लांबी सुमारे २७ मीटर, आसने सत्तरच्या घरात आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे २३,००० किलोग्रॅम असते. समुद्रसपाटीवर व प्रमाण तापमानात पूर्ण वजनानिशी उडण्यास त्याला सुमारे १,३०० मीटर धावपट्टी पुरते. लहान विमानतळांना ते सोयीचे ठरते ते यामुळेच.

विमान उतरून थांबण्याच्या जागेकडे येऊ लागले की त्याच्या समोर मार्शलर उभा राहतो. वैमानिकाला आपल्या पंखांची टोके आणि पुढचे चाक नेमके कोठे आहे हे नीट दिसत नाही. मार्शलर हे त्याचे डोळे असतात. त्याच्या दोन्ही हातांतील कांड्यांच्या हालचाली जगभर सारख्याच आहेत. दोन्ही हात बाजूंना सरळ पसरून सावकाश डोक्यावर नेले आणि कांड्यांची फुली केली, म्हणजे ‘थांबा’. मराठी कर्मचारी आणि परदेशी वैमानिक यांच्यात एकही शब्द न बोलता व्यवहार होऊ शकतो तो या खुणांमुळे. म्हणूनच खूण अर्धवट करणे किंवा स्वतःची वेगळी खूण वापरणे वर्ज्य मानले जाते.

इंजिनाचे पंखे पूर्णपणे थांबल्याशिवाय कोणीही पुढे जावयाचे नसते. त्यानंतर चाकांपुढे व मागे ठोकळे बसवितात. उतारावर उभ्या केलेल्या एस. टी. च्या चाकाला दगड लावतात, त्यातलाच हा प्रकार. या ठोकळ्यांना ‘चॉक’ म्हणतात. ठोकळे लागल्याची खूण मिळेपर्यंत वैमानिक ब्रेक सोडीत नाही.

एटीआर विमानाचे एक वैशिष्ट्य कर्मचाऱ्यांना नीट समजून घ्यावे लागते. जमिनीवर असताना वीज व थंड हवा मिळावी म्हणून त्याचे उजवे इंजिन पंख्याला ब्रेक लावून चालू ठेवता येते. पंखा स्थिर दिसतो, पण आत इंजिन चालू असते आणि मागून अतिउष्ण वायू बाहेर पडत असतो. प्रवाशांचा दरवाजा डाव्या बाजूला, शेपटीकडे असतो. प्रवाशांनी चुकूनही उजव्या बाजूला जाऊ नये म्हणून एक कर्मचारी केवळ त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी उभा असतो. छायाचित्र काढण्यासाठी रांग सोडणाऱ्या प्रवाशाला तो अडवितो तेव्हा ते उर्मटपणाने नव्हे, हे प्रवाशांनी समजून घेतले पाहिजे.

सामान आणि समतोल

सामान चढविणे हे निव्वळ हमालीचे काम आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. विमान हे तराजूसारखे असते. एटीआर-७२ मध्ये सामानाची एक खोली वैमानिकांच्या मागे आणि दुसरी शेपटीकडे असते. मागच्या दरवाजातून सर्व प्रवासी एकदम चढले आणि पुढची खोली रिकामी असली, तर विमानाची शेपटी खाली झुकण्याचा धोका असतो. म्हणून शेपटीखाली एक आधारदांडा लावण्यात येतो. निघताना तो आठवणीने काढावा लागतो.

प्रत्येक थैलीचे वजन नोंदले जाते; पुढे किती किलो, मागे किती किलो आणि कोणत्या रांगांत किती प्रवासी यांचा हिशेब एका तक्त्यावर मांडून वैमानिकाला दिला जातो. प्रवासी थोडे असतील तर काहींना दुसऱ्या रांगेत बसण्याची विनंती करण्यात येते, त्याचे कारणही हेच असते. पुढच्या खोलीत जावयाच्या दहा थैल्या घाईने मागे टाकल्या, तर कागदावरचे विमान आणि प्रत्यक्षातले विमान ही दोन वेगळी विमाने होतात. वैमानिक कागदावर विसंबून असतो. तो कागद खरा ठरविण्याचे काम लोडरचे आहे.

लिटर आणि किलोग्रॅम

इंधनाच्या बाबतीत हाच हिशेब अधिक काटेकोर असतो. वैमानिक इंधन किलोग्रॅममध्ये मागतो, कारण त्याला वजनाशी कर्तव्य असते. टँकरवरील मापक लिटर दाखवितो. विमानाचे इंधन पाण्यापेक्षा हलके असते. एका लिटरचे वजन सुमारे ०.८ किलोग्रॅम भरते आणि तापमानानुसार त्यात थोडा फरक पडतो. म्हणजे २,००० किलोग्रॅम इंधन हवे असेल तर सुमारे २,५०० लिटर भरावे लागते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सुटेल असे हे गणित आहे.

ते चुकले तर काय होते याचे उदाहरण २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात घडले. तेथे मेट्रिक मापे नव्यानेच वापरात येत होती. एका मोठ्या बोइंग विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. हिशेबात एका लिटरचे वजन किलोग्रॅमऐवजी पौंडांत धरले गेले, आणि विमान निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन निघाले. वाटेत, आकाशात, दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने विमान तरंगत नेऊन गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर उतरविले आणि सर्वजण वाचले. या घटनेत जमिनीवरील कर्मचारी आणि वैमानिक या दोघांनीही तो आकडा पाहिला होता. एकाने मांडलेला हिशेब दुसऱ्याने केवळ पाहून चालत नाही. तो स्वतंत्रपणे पुन्हा करावा लागतो, हा या घटनेचा धडा आहे. इंधनात पाण्याचा अंश नाही ना, हे तपासणे आणि जवळपास विजा कडाडत असतील तर इंधन भरणे थांबविणे, हे दंडकही असेच आहेत.

तीन मिनिटे

विमानतळावरील अग्निशमन व्यवस्थेची श्रेणी तेथे येणाऱ्या विमानाच्या लांबी-रुंदीवर ठरते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अशा दहा श्रेणी ठरविल्या आहेत. एटीआर-७२ साठी पाचवी, तर एअरबस ए-३२० सारख्या विमानासाठी सहावी श्रेणी लागते. सूचना मिळाल्यापासून धावपट्टीच्या कोणत्याही टोकाशी पोहोचून फेसाचा मारा सुरू होण्यास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागता कामा नये, आणि शक्य तर तो दोन मिनिटांवर आणावा, असा दंडक आहे.

लहान विमानतळावर दिवसाला दोन-तीन विमाने येत असतील. उरलेल्या वेळात अग्निशमन दलाचे जवान काय करतात, असा प्रश्न कोणी विचारतो. ते बंब चालू करून पाहतात, पाण्याचा व फेसाच्या द्रावणाचा साठा मोजतात, श्वसनयंत्रे तपासतात, जड पोशाख चढविण्याचा सराव करतात. आग रोज लागत नाही; तीन मिनिटांची तयारी मात्र रोज करावी लागते.

ऊन, पाऊस आणि थोडे हात

विमान उभे राहण्याच्या काँक्रीटच्या फरशीवर सावली नसते. खानदेशात आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ही फरशी तव्यासारखी तापते. उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे विमानाला अधिक धाव घ्यावी लागते आणि काही वेळा वजन कमी करावे लागते. अशा वेळी उतरविलेली थैली पुन्हा शोधून काढण्याचे कामही त्याच कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येते. इंजिनाच्या आवाजाने कान बधिर होऊ नयेत म्हणून कर्णरक्षक आणि दुरून दिसावे म्हणून चकाकणारे जाकीट अनिवार्य असते. उकाड्यामुळे ही साधने काढून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा लागतो.

मोठ्या विमानतळावर प्रत्येक कामासाठी वेगळी तुकडी असते. लहान ठिकाणी ठोकळे लावणारा कर्मचारीच पुढे सामान उतरवितो आणि निघताना इशाऱ्यासाठी समोर उभा राहतो. हे सर्व सुमारे अर्ध्या तासात उरकावयाचे असते. विमान उशिरा आले असेल तर हा अवधी आणखी कमी करण्याचा ताण येतो. घाई, थकवा आणि सवय हे येथील खरे शत्रू होत. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलून निघण्याच्या तयारीत असताना एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. मोठ्या विमानतळावर, अनुभवी माणसांच्या हातून असे घडू शकते. जो कर्मचारी सर्वांची सुरक्षितता पाहतो, त्याची सुरक्षितता पाहणे हे त्याला काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. पुरेशी विश्रांती, पिण्याचे पाणी, सावलीची जागा आणि वेळोवेळी उजळणीचे प्रशिक्षण या सवलती नव्हेत. सुरक्षिततेची ती साधने आहेत. कंत्राटावर घेतलेल्या कामगारालाही ती तितकीच मिळाली पाहिजेत.

कुंपणाबाहेरची जबाबदारी

विमानतळाच्या कुंपणाच्या आतले काम कितीही चोख असले, तरी कुंपणाबाहेरच्या काही गोष्टींवर तेथील कर्मचाऱ्यांचा अधिकार चालत नाही. येथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते.

पहिली बाब पक्ष्यांची. १९ जून २०२२ रोजी पाटण्याहून १८५ प्रवाशांसह निघालेल्या विमानाच्या इंजिनाला पक्षी धडकला आणि इंजिनातून ज्वाळा निघू लागल्या. विमान सुखरूप परत उतरले. घार, बगळे व कावळे धावपट्टीच्या प्रेमाने येत नाहीत. ते जवळच्या उकिरड्यावरील अन्नासाठी, उघड्यावर टाकलेल्या मांसाच्या अवशेषांसाठी आणि साचलेल्या पाण्यासाठी येतात. विमानविषयक १९३७ च्या नियमावलीतील ९१ व्या नियमान्वये विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकर्षित करील अशा रीतीने उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे किंवा घाण व केरकचरा टाकणे यावर बंदी घालण्यात आली. दहा किलोमीटरच्या परिघात कित्येक गावे येतात. तेथे कचऱ्याचे खत करणे, मेलेल्या जनावरांची योग्य विल्हेवाट लावणे आणि खाटिकखान्याला बंदिस्त जागा देणे ही कामे ग्रामपंचायतीने केली, तर गाव स्वच्छ होते आणि विमानही निर्धोक होते.

दुसरी बाब उंचीची. विमानतळाच्या परिसरात उंच इमारत, मनोरा किंवा चिमणी उभारण्यापूर्वी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत दाखल्याचा विचार करावा लागतो. कोणत्या भागात किती उंची चालते, हे रंगांनी दाखविलेल्या क्षेत्र-नकाशांवरून कळते. सोलापूर येथे विमानतळाजवळील एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्या कारखान्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांना आणि कामगारांना त्याची झळ सोसावी लागली. असा प्रश्न बांधकामापूर्वी कागदावर सुटला, तर कोणाचेच नुकसान होत नाही.

तिसरी बाब संकटकाळाची. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे भर पावसात विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. विमानात १९० माणसे होती. त्यांपैकी २१ जणांचा मृत्यू झाला. करोनाची साथ असतानाही आसपासचे ग्रामस्थ धावून आले, जखमींना त्यांनी आपल्या वाहनांतून रुग्णालयात पोहोचविले आणि रक्तदानासाठी रांगा लावल्या. विमानतळाच्या आपत्कालीन योजनेचा पूर्ण सराव जास्तीत जास्त दोन वर्षांच्या अंतराने घ्यावा लागतो. अशा सरावाची माहिती घेऊन रस्ते मोकळे कसे ठेवावयाचे, रुग्णवाहिका कोठून जाणार आणि गर्दी कशी आवरावयाची हे सरपंच व पोलीस पाटील यांनी आधीच जाणून घेतले, तर गावकऱ्यांच्या उत्साहाला शिस्तीची जोड मिळेल.

शाळेने काय करावे

विमानतळ जवळ आला की गावातील तरुणांच्या आशा पल्लवित होतात. त्यांना योग्य माहिती देणे हे शिक्षकांचे काम आहे. सामान हाताळणे, वाहने चालविणे, यंत्रांची देखभाल, अग्निशमन अशी अनेक कामे तेथे असतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अग्निशमन सेवेतील कनिष्ठ सहायकाच्या पदासाठी बारावी, अथवा दहावीनंतर यंत्र, मोटार किंवा अग्निशमन शाखेची तीन वर्षांची पदविका, तसेच वाहन चालविण्याचा परवाना आणि शारीरिक क्षमता अशी पात्रता मागविण्यात आलेली आहे. विमानतळाच्या आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पूर्वचारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी होते. ‘विमानतळावर नोकरी लावून देतो’ असे सांगून अनामत रक्कम मागणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांना व पालकांना सावध करणे तितकेच आवश्यक आहे. मूळ जाहिरात पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

वर्गातही या विषयाला स्थान देता येईल. लिटर आणि किलोग्रॅम यांचा हिशेब, तराजूचा समतोल, उष्ण हवेचे विरळपण, वाऱ्याची दिशा हे सारे पाठ्यपुस्तकातील धडे विमानतळावर रोज प्रत्यक्ष वापरले जातात. विमानाकडे बोट दाखविणाऱ्या मुलाला ते जमिनीवर कोणी आणि कसे सज्ज केले हेही समजले, तर नेमून दिलेले साधे काम रोज नेमकेपणाने करण्याची किंमत त्याला कळेल. जिल्ह्यातील लहान विमानतळाची सुरक्षितता अखेर याच गुणावर उभी आहे. आणि तो गुण कुंपणाच्या आतल्या मोजक्या कर्मचाऱ्यांइतकाच बाहेरच्या गावांनीही अंगी बाणवावयाचा आहे.